आमच्याकडे गायनॅकही आहे

ताईंच्या हातांबद्दल मला आजही वाईट बोलता येत नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो. बाकी त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे.

मी मिरजेची. म्हणजे जन्मानं नव्हे, पण डॉक्टर म्हणून घडले ती तिथे. एमबीबीएसनंतर स्त्रीरोग आणि प्रसूतीचा डिप्लोमा केला आणि एका हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये काही वर्षं जवळजवळ मुक्कामच ठोकला. मग लग्न झालं. नवरा नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो, त्यामुळे माझाही संसार इकडे हलला. आम्ही न्यूनेनला राहतो. गाव इतकं शांत, की शेजाऱ्यानं सायकल भिंतीला टेकवली तरी माझ्या स्वयंपाकघरात कळतं. लेबर रूममधून उठून अशा गावात आलेल्या बाईचं काय होतं ते मी सांगत बसत नाही. पहिल्या वर्षी मी फार भांडायचे, एवढं पुरे.

इथे माझी डिग्री भिंतीवर लावण्यापुरती. पुन्हा डॉक्टर व्हायचं तर आधी डच भाषेची परीक्षा, मग वैद्यकीय ज्ञानाची, मग कुणातरी डॉक्टरच्या हाताखाली काम आणि त्यानंतर सरकारी नोंदणी. तोवर मी डॉक्टर म्हणून कुणाला साधा सल्लाही द्यायचा नाही. नवऱ्याचे मित्र मला ‘डॉक्टर वहिनी’ म्हणायचे. ते प्रेमानंच म्हणायचे, पण मला दर वेळी टोचायचं. मला या देशात पुन्हा लेबर रूममध्ये उभं राहायचं होतं. दुसरं काही नको होतं, घर नको, गाडी नको.

ताई मला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात भेटल्या. मूळच्या पुण्याच्या फिजिओथेरपिस्ट, वीसेक वर्षांपूर्वी इथे आलेल्या. मुलं लहान असताना संसार सांभाळून त्या ऑस्टिओपॅथी, म्हणजे हातांनी करायचे हाडा-स्नायूंचे उपचार, शिकल्या आणि आइंडहोवनमध्ये दोन खोल्यांची स्वतःची प्रॅक्टिस उभी केली. पोटुशी आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका त्यांच्याकडे जास्त यायच्या, डचही आणि आपल्याही. ताजी मेथी कुठे मिळते इथपासून डच हाऊसआर्ट्सशी, म्हणजे फॅमिली डॉक्टरशी, कसं बोलायचं इथपर्यंत सगळं मला त्यांनी शिकवलं. ‘घरात बसून भाषा येत नाही, माझ्याकडे येऊन बसत जा,’ असं त्या म्हणाल्या. मी जाऊ लागले. बायकांची परवानगी घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं, डच ऐकायचं आणि घरी येऊन शब्द घोकायचे. माझी भाषेची परीक्षा पहिल्या खेपेला निघाली त्यात त्या खुर्चीचा मोठा वाटा आहे. ते मी नाकारत नाही.

ऑस्टिओपॅथी म्हणजे शिकल्यासवरल्या माणसानं केलेली मालिश, असं माझं आधीचं मत होतं आणि नवऱ्याजवळ मी तसं बोललेही होते. ताईंचे हात पाहून मी गप्प झाले. सातव्या-आठव्या महिन्यात बाईची कंबर धरते, ओटीपोटाखालचं हाड दुखतं, रात्री कूस बदलता येत नाही. मिरजेत अशी बाई आली की आम्ही म्हणायचो, ‘बाळ मोठं होतंय, दुखणारच,’ आणि पुढच्या बाईकडे वळायचो. ताई तिला कुशीवर झोपवायच्या, कमरेखाली जिथे दोन खळगे असतात तिथे तळहात ठेवायच्या आणि थांबायच्या. मग श्वासाबरोबर हलकेच दाब वाढवायचा, श्वास सोडला की हात सैल करायचा. घाई अजिबात नाही. बाई टेबलावरून उतरताना चेहरा बदललेला असायचा. त्यांचं सगळंच मला पटायचं असं नाही. डोक्याच्या हाडांची लय वगैरे सुरू झालं की मी खिडकीबाहेर बघायचे. पण त्या मला स्वतःच्या हाताखाली हात ठेवायला लावायच्या आणि विचारायच्या, ‘कळलं का, कुठे धरलंय?’ मला कळायचं.

ताईंचं एक जुनं दुखणं होतं. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजातून निघालेला माणूस पुरता डॉक्टर असतो. औषधं देतो, ऑपरेशन करतो, बाळंतपणं करतो. गायनॅकही होतो. नेदरलँड्समध्ये तसं नाही. इथला ऑस्टिओपॅथ हातांनी उपचार करतो आणि कायद्याच्या दृष्टीनं डॉक्टर नसतो. ताईंना हे मान्य नव्हतं असं नाही, पण त्यांच्या जिवाला ते लागलं होतं. ‘अमेरिकेत गेले असते तर आज डिलिव्हरी करत असते,’ हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की चहा ओततानाच कळायचं, आता अमेरिका येणार. मला त्यांची माया वाटायची. आपण दोघी एकाच दाराबाहेर उभ्या आहोत, असं मला वाटायचं.

मग मंडळानं डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी एक कार्यक्रम ठेवला. एका शाळेचा हॉल घेतला होता. मुलं आईवडिलांनी ओढून आणलेली, मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देणारी. इथे मेडिकलला जागा थोड्या आणि निवड कडक, त्यामुळे पालकांचे चेहरे मुलांपेक्षा जास्त गंभीर. ताईंनी ‘प्रसूती आणि स्त्रीरोगात ऑस्टिओपॅथीचं स्थान’ यावर भाषण केलं. बोलल्या छान. फक्त बोलता बोलता त्या अमेरिकेतून आइंडहोवनला कधी आल्या ते कुणाला कळलं नाही. अमेरिकेतला ऑस्टिओपॅथ काय काय करतो ते सांगितलं आणि पुढचं वाक्य ‘आमच्या प्रॅक्टिसमध्ये’ असं सुरू केलं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, की मग तुम्ही डिलिव्हरी करता का. ताई माझ्याकडे हात करून म्हणाल्या, “आमच्याकडे गायनॅकही आहे.”

टाळ्या पडल्या. लोक मागे वळून बघायला लागले आणि मी हसले, भर सभेत दुसरं काय करणार. घरी जाताना गाडीत मी त्यांना म्हटलं, की असं सांगू नका, माझी नोंदणी अजून व्हायचीय. त्या म्हणाल्या, ‘अगं, मुलांना हुरूप यावा म्हणून बोलले. तू गायनॅक नाहीस का?’ गायनॅक मी आहेच की.

त्यानंतर प्रॅक्टिसमध्ये आपल्या बायका वाढल्या. त्याचं कारण मला चांगलंच माहीत आहे. इथे गरोदरपण मिडवाइफ बघते. सगळं ठीक असेल तर गायनॅकचं तोंडही दिसत नाही. पुण्याहून सासूचा फोन येतो आणि सासू म्हणते, अरे देवा, सुईण? एवढ्या पुढारलेल्या देशात सुईण? इथल्या मिडवाइफ उत्तम शिकलेल्या असतात हे मी सांगून सांगून थकले. पण आपल्या लोकांच्या मते हाऊसआर्ट्स पॅरासिटामॉल देतो, मिडवाइफ तेही देत नाही. अशात कुणीतरी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, की ताईंकडे आपली मराठी गायनॅक बसते. मी दर बाईला सांगायचे, की मी इथे भाषा शिकायला बसते, तुमचं जे काही असेल ते मिडवाइफला सांगा. बायका मान डोलवायच्या, जशी आपण मीटर बंद आहे म्हणणाऱ्या रिक्षावाल्यापुढे डोलवतो.

याच सुमारास आइंडहोवनजवळच्या एका हॉस्पिटलमधल्या गायनॅकॉलॉजिस्टनं मला त्याच्या विभागात काही महिने बरोबर फिरायची संधी द्यायचं कबूल केलं. नुसतं बघायचं आणि शिकायचं, पण लेबर रूममध्ये. मी त्या दिवशी श्रीखंड केलं आणि सगळ्यांत आधी डबा ताईंना नेऊन दिला.

मग शाळेतून माझ्या लहान मुलाला कांजिण्या आल्या. मला लहानपणीच येऊन गेल्या होत्या, तरी पोटुशी बायकांच्या आसपास उगाच नको म्हणून मी ताईंना फोन केला आणि पुरत्या बऱ्या होईपर्यंत येत नाही असं सांगितलं. त्या ‘ये सावकाश’ म्हणाल्या. मुलाच्या फोडांना कॅलामाइन लावण्यात माझे दिवस गेले.

परत गेले तेव्हा टेबलावर एक मुलगी होती. मूळची पुण्याची, आयटीतली, आठवा महिना, पहिलटकरीण. तिचं डोहाळजेवण ताईंनीच मंडळात पुढाकार घेऊन केलं होतं. तिच्या उजव्या बरगडीखाली दुखत होतं आणि ताई तिथे हात ठेवून उभ्या होत्या. आठव्या महिन्यात बाळाचे पाय बरगडीला लागतात, त्यामुळे दुखू शकतं. पण मला तिचा चेहरा आवडला नाही. पापण्या सुजलेल्या, बोटातली अंगठी मांसात रुतलेली. मी खुर्चीवरून उठले. डोकं दुखतं का, विचारलं. दुखत होतं. डोळ्यांपुढे काही चमकतं का? सकाळपासून चमकत होतं. कधीपासून दुखतंय, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘लास्ट वीकपासूनच, मॅडम,’ आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. ही लक्षणं कसली आहेत हे मिरजेत शिकलेल्या कुणालाही झोपेत कळेल. गरोदरपणात रक्तदाब असा चढला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. मी तिला तिथल्या तिथे मिडवाइफला फोन करायला लावला. ती म्हणत होती, तुम्ही आहात ना, मिडवाइफ परत रेस्ट घ्या म्हणेल. मी आवाज चढवला. तासाभरात ती हॉस्पिटलात होती आणि त्याच दिवशी तिचं सिझेरियन झालं. मुलगी झाली. थोडे दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण दोघी वाचल्या.

त्या आठवड्यात मी चालत नव्हते, तरंगत होते. इतक्या वर्षांनी मी पुन्हा डॉक्टर होते.

माय-लेकी घरी आल्यावर मी बाळंतविडा घेऊन गेले. मुलीला झबली-टोपडी, आईला साडी, डिंकाचे लाडू. तिनं मला इथल्या पद्धतीप्रमाणे गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या लावलेली टोस्टं दिली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. बाळ छान होतं, माझं बोट धरून झोपलं. मग ती जरा अवघडून म्हणाली,

“मॅडम, एक सांगू? आधीच्या आठवड्यात तुम्ही काही नाही, होतं असं, म्हणालात ना, त्याचं मी मनात ठेवलेलं नाही. चुका सगळ्यांकडून होतात. शेवटी वाचवलंत तुम्हीच.”

मला काही समजेना. मी तर त्या आठवड्यात घरी होते. हळूहळू विचारत गेले तसं निघालं. ती आदल्या आठवड्यातही त्याच दुखण्यासाठी ताईंकडे आली होती. मिडवाइफला कळवू का, असं तिनं विचारलं होतं. ताई बाहेरच्या खोलीत गेल्या, थोड्या वेळानं परत आल्या आणि म्हणाल्या, की आमच्या गायनॅकशी फोनवर बोलले, तिचंही म्हणणं आहे की बरगडीचंच आहे, निवांत राहा. आणि ही निवांत राहिली. मला असा फोन आलाच नव्हता. मिडवाइफनं नंतर विचारलं, आठवडाभर दुखणं का लपवलं, तेव्हा हिनं खरं ते सांगितलं, की आमच्या गायनॅकला विचारलं होतं. ‘पण मी तुमच्याबद्दल वाईट काही नाही बोलले हं,’ असं ती मला म्हणाली. माझ्या मांडीवर तिचं बाळ होतं. मी ते तिच्या हातात दिलं.

न केलेल्या चुकीबद्दल कुणी मनापासून माफ केलं तर तोंड उघडायची सोय उरत नाही. तरी मी तिला म्हणाले, की मला फोन आलाच नव्हता. तिनं माझा हात दाबला, आपण खोटं बोलणाऱ्या लहान मुलाचा दाबतो तसा.

दुसऱ्या दिवशी मी ताईंकडे गेले. मला वाटलं होतं, त्या नाकारतील किंवा रडतील. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. चहा टाकला. म्हणाल्या, की ती पोर फार घाबरली होती, तिला धीर यावा म्हणून तुझं नाव घेतलं, आणि तू असतीस तर तूही हेच म्हणाली असतीस. मी म्हणाले, नसते म्हणाले. मी आल्या आल्या काय केलं ते तुम्ही पाहिलंत. मग त्यांनी मला शेजारी बसवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या मुलीच्या मिडवाइफनं ऑस्टिओपॅथांच्या संघटनेकडे ताईंची तक्रार केली होती. आता ताईंना उत्तर द्यायचं होतं, आणि त्यांना ते माझ्याकडून हवं होतं. त्या दिवशी फोनवर सल्ला मीच दिला, असं मी सांगावं.

“तुझं काय जाणार आहे?” ताई म्हणाल्या. “माझी वीस वर्षांची प्रॅक्टिस जाईल. तुझं तर अजून सुरूच कुठे झालंय?”

हे वाक्य मी कितीदा आठवलं असेल. हे बोलताना त्यांचा हात माझ्या पाठीवर बरोबर त्याच जागी होता, जिथे धरलेलं सुटतं. सभेत मी गायनॅक होते, व्हॉट्सॲपवर गायनॅक होते, घाबरलेल्या पोरीला गप्प करायला गायनॅक होते. फक्त माझं काही जायची वेळ आली तेव्हा मी कुणीच नव्हते. माझ्याबरोबर दाराबाहेर उभी असलेली बाई, असं मी त्यांना समजत होते. त्यांनी मला पायरी समजलं होतं. मी त्यांचा हात बाजूला केला, चहा तसाच ठेवला आणि सायकल काढली. घरी पोचेपर्यंत मोठ्यानं रडले. रस्त्यावरचे डच लोक सभ्य असतात, कुणी पाहिलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. आधी तो चिडला, माझ्याइतकाच. मग जेवताना म्हणाला, की जाऊ दे, त्यांनी आपल्याला सुरुवातीला किती मदत केली, आणि शेवटी मंडळात तोंड दाखवायचंय. मी ताटावरून उठले. खरं सांगायचं तर ताईंच्या वाक्याइतकंच हे लागलं, फक्त याच्याबरोबर राहायचं असल्यामुळे मी ते कमी आठवते.

मी स्वतः त्या मिडवाइफकडे गेले आणि माझ्या डचमध्ये, जे ताईंच्या खुर्चीवर बसून शिकले होते, सगळं सांगितलं. मग त्या गायनॅकॉलॉजिस्टकडे. तोवर त्याच्या कानावर गेलंच होतं, कारण सिझेरियन त्याच्याच विभागात झालं होतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तो म्हणाला, तू खोटं बोलत नाहीस असं मला वाटतं. पण त्या बाईला तू तिची डॉक्टर वाटलीस, ते कशामुळे? मी त्याला त्या सभेबद्दल सांगितलं. टाळ्यांबद्दलही. तो म्हणाला, हे प्रकरण निवळेपर्यंत इथे तुला घेता येणार नाही. आवाज चढवला नाही, दार उघडून धरलं आणि कोट घालायला मदत केली.

ताईंना समज मिळाली. प्रॅक्टिस गेली नाही. मंडळात मात्र गोष्ट वेगळीच पोचली. आपल्याच बाईविरुद्ध ही डच लोकांकडे गेली, अशी. गणपतीत आरतीचं तबक माझ्यापर्यंत आलं आणि शेजारणीकडे वळलं. ती आयटीवाली पोर समोरून आली तर बाळाची गाडी दुसऱ्या बाजूला वळवायची. तिचं बरोबर होतं. तिच्या लेखी मी चूक केली होती, तिनं मोठ्या मनानं माफही केलं होतं, आणि वर मी तिच्या ताईंवर ढकललं होतं. पुढच्या वर्षी मुलांसाठी पुन्हा कार्यक्रम झाला. ताईंचं भाषण होतं. विषय तोच.

मला टिलबर्गच्या एका हॉस्पिटलमध्ये जागा मिळेपर्यंत दुसरा हिवाळा सुरू झाला. रोज पहाटेची ट्रेन, आणि बरोबर फिरायचं, बघायचं. पहिल्याच आठवड्यात लेबर रूममध्ये एक डच बाई होती. कळा कमरेत येत होत्या, ती पलंगाचा कठडा धरून वाकली होती, आणि तिचा नवरा घाबरून चुकीच्या जागी चोळत होता. मी विचारलं, हात लावू का. ती ‘हो, हो’ म्हणाली. माझा तळहात आपोआप त्या खळग्याजवळ गेला आणि तिथे थांबला. श्वासाबरोबर दाब, श्वास सोडला की सैल. घाई अजिबात नाही. तिसऱ्या-चौथ्या कळेला तिचे खांदे खाली आले. तिनं मान मागे करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तिथेच ठेव, काढू नकोस.

मला लेबर रूममध्ये यायचं होतं आणि मी आले होते. आणि पहिल्यांदा कामी आले ते हात माझे नव्हते. मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. पण मी हात काढला नाही, बाळ होईपर्यंत तिथेच ठेवला.

नंतर हात धुताना तिथल्या मिडवाइफनं कौतुकानं विचारलं, हे कुठे शिकलीस?

मी म्हणाले, “मिरजेत.”